सोफा हरला, नळी जिंकली!

भन्नाट आयडिया आहे, प्रोटोटाइप तयार आहे, पेटंटचा अर्जही भरलाय? थांबा! तुमचं मशीन कितीही भारी असलं तरी पेटंट ऑफिसातला एक्झामिनर मशीन बघत नाही, तो तुमचं लिखाण वाचतो. आणि तिथेच भल्याभल्यांची विकेट पडते...

‘‘अगं, तू मासकॉमवाली ना? मग मला सांग, ‘वर्णनाचा आधार नाही’ म्हणजे नेमकं काय?’’

शनिवारी सकाळी साडेनऊला आलेला हा फोन माझ्या मित्राचा. मेकॅनिकल इंजिनीअर, हिंजवडीत नोकरी, कोथरूडला वन बीएचके. त्या वन बीएचकेच्या अडीच फुटी बाल्कनीत कपडे कुठे वाळत घालायचे या राष्ट्रीय प्रश्नावर त्याने दोन वर्षं वीकेंड घालवले होते. त्यातून जन्माला आलं भिंतीला लागून दुमडणारं, हवं तेवढं उघडून अडकवता येणारं एक स्टँड. खरंच छान आहे. मी त्यावर माझी जीन्स वाळवली आहे.

एजंटचे पैसे वाचवायचे म्हणून पेटंटचा अर्ज त्याने स्वतःच लिहिला. आता पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल आला होता. स्टँड नवं आहे की नाही, यावर फारसा वाद नव्हता. वाद वेगळाच होता. मित्राने हक्क मागितला होता ‘अडकवण्याच्या कोणत्याही व्यवस्थेवर’. पण आठ पानांच्या वर्णनात व्यवस्था होती एकच, भोकातून आरपार जाणारी लोखंडी खिट्टी. वर त्याने मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं की, या खिट्टीशिवाय हे स्टँड उभंच राहू शकत नाही!

‘‘पण मी नंतर दाते असलेलं लॉक केलंय ना! खिट्टी लागतच नाही आता.’’

‘‘मग ते लिहिलं का नाहीस?’’

‘‘तेव्हा सुचलं नव्हतं.’’

बस्स. हे एक वाक्य ऐकलं आणि मला एका सोफ्याची गोष्ट आठवली.

टीव्ही, रिमोट आणि रिक्लायनर

गोष्ट अमेरिकेतली. तिकडच्या दिवाणखान्यांत तुकड्यातुकड्यांचे, एल आकाराचे सोफे लोकप्रिय होते. त्यात मागे रेलता येणारी खुर्ची, म्हणजे रिक्लायनर, बसवायची तर ती टोकाला बसवावी लागे. कारण तिचा खटका हाताच्या बाजूला असायचा आणि बाहेरची मोकळी बाजू फक्त टोकालाच मिळायची. दोन रिक्लायनर हवे असतील तर एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. म्हणजे एकजण आरामात टीव्ही बघणार आणि दुसरा मान वाकडी करून. संसारात यावरून काय काय होत असेल, कल्पना करा!

जेंट्री गॅलरी या फर्निचर कंपनीच्या संशोधकाने यावर मस्त तोडगा काढला. दोन रिक्लायनर शेजारी शेजारी, तोंडं एकाच दिशेला, मध्ये एक पक्का बसवलेला कन्सोल आणि दोघांचेही खटके त्या कन्सोलवर. १९९१ मध्ये पेटंट मिळालं, क्रमांक ५०६४२४४. राजाराणी दोघंही खूश.

पुढे बर्कलाइन नावाची दुसरी कंपनी बाजारात उतरली. त्यांच्या सोफ्यात मध्ये कन्सोल नव्हता, एक सीट होती. तिची पाठ पुढे पाडली की टेबल तयार! जेंट्रीने मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टात खटला भरला. तिथे निकाल लागला की, दुमडणारी सीट म्हणजे ‘पक्का बसवलेला’ कन्सोल नव्हे, त्यामुळे नक्कल झालेली नाही. जेंट्रीचं पेटंट मात्र शाबूत राहिलं. दोघांनीही अपील केलं.

जानेवारी १९९८ मध्ये अपील कोर्टाचा निकाल आला आणि जेंट्रीला दुहेरी दणका बसला. नक्कल झालेली नाही, हे कायम. शिवाय ज्या दाव्यांवर भांडण होतं, ते दावेच रद्द!

एका ‘एकमेव’ने केला घात

का रद्द झाले? सोफा जुना होता म्हणून नाही. उलट ही कल्पना कुणालाही सहज सुचली असती, हा बर्कलाइनचा मुद्दा कोर्टाने मानलाच नाही. गडबड झाली ती लिखाणात.

पेटंटचे ढोबळ दोन भाग असतात. एक वर्णन, म्हणजे वस्तू काय आहे आणि कशी चालते. दुसरा क्लेम, म्हणजे तुमच्या मालकीचं कुंपण नेमकं कुठून कुठपर्यंत. जेंट्रीच्या वर्णनात म्हटलं होतं की खटके ठेवायला कन्सोल हीच एकमेव जागा आहे. खटका कन्सोलच्या पुढच्या बाजूला असेल, वरती असेल, कडेला असेल. पण असेल कन्सोलवरच. क्लेममध्ये मात्र कुंपण बरंच लांब नेलेलं. त्यातल्या वादग्रस्त दाव्यांत खटके कन्सोलवरच हवेत अशी अटच नव्हती, ते त्या सोफ्यावर कुठेही चालणार होते.

आणि साक्षीत संशोधकाने प्रांजळपणे सांगून टाकलं की, खटके कन्सोलच्या बाहेर ठेवावेत हे त्याच्या डोक्यात नव्हतंच. स्पर्धकांनी तसं केलेलं दिसलं, तेव्हा ते सुचलं. कोर्टाने म्हटलं, मग अर्ज भरला त्या दिवशी ही गोष्ट तुमच्याकडे नव्हती. वर्णनात जेवढं आहे, त्याहून मोठं कुंपण घालता येणार नाही.

माझ्या मित्राची खिट्टी आणि हा कन्सोल सख्खे भाऊ वाटतात की नाही?

गंमत म्हणजे ही चूक आपल्यासारखेच लोक जास्त करतात. आपल्याला सवय असते पिचची. सीव्हीत आपण ‘एकमेव’, प्रेझेंटेशनमध्ये आपलं प्रॉडक्ट ‘युनिक’, क्लायंटसमोर आपला मार्ग ‘याशिवाय पर्याय नाही’ असा. पेटंटमध्ये हीच भाषा उलटते. तिथे प्रत्येक ‘फक्त’, प्रत्येक ‘अत्यावश्यक’ म्हणजे स्वतःच्याच प्लॉटभोवती आतून घातलेली भिंत.

आता एका माहूरकरांची गोष्ट

लिखाणात घात होतो, तसा लिखाण नसताना बचावही होतो. हा किस्सा तर आणखी मजेदार. नायकाचं नाव डॉ. सखाराम माहूरकर. माहूर म्हणजे आपलं नांदेड जिल्ह्यातलं, रेणुकादेवीचं. आडनाव तिथलं, पण किस्सा घडला अमेरिकेत.

किडनी निकामी झालेल्या पेशंटचं डायलिसिस करताना रक्त शरीरातून बाहेर काढायचं, मशीनमध्ये शुद्ध करायचं आणि परत आत सोडायचं. माहूरकरांची कॅथेटर, म्हणजे नळी, हे काम एकाच भोकातून करायची. गोल नळी, आत उभा पडदा, त्यामुळे इंग्रजी डी अक्षरासारखे दोन कप्पे. एकातून रक्त बाहेर, दुसऱ्यातून आत. आत सोडणारा कप्पा टोकाला आणखी पुढे गेलेला आणि निमुळता, म्हणजे शुद्ध झालेलं रक्त लगेच परत ओढलं जात नाही.

मार्च १९८२ मध्ये माहूरकरांनी अमेरिकेत डिझाइनचा अर्ज केला. त्यात होती सहा चित्रं. मजकूर जवळपास नाहीच! त्याच वर्षी कॅनडातही हे डिझाइन नोंदवलं गेलं. ऑक्टोबर १९८४ मध्ये त्यांनी रीतसर, शब्दांसह, पेटंटचा अर्ज भरला आणि म्हटलं, माझी तारीख १९८२ चीच धरा, तेव्हाच्या चित्रांत सगळं आहे.

तारखेचं एवढं काय? तर अमेरिकेत स्वतःच जाहीर केलेल्या गोष्टीवर अर्ज करायला एक वर्षाची मुदत मिळते. तारीख १९८४ धरली, तर कॅनडातलं स्वतःचंच डिझाइन दोन वर्षं जुनं ठरून पेटंटच्या मुळावर येणार. १९८२ धरली तर सगळं सुरक्षित.

व्हास-कॅथ या कंपनीशी झालेल्या खटल्यात शिकागोच्या कोर्टाने निकाल दिला माहूरकरांच्या विरोधात. क्लेममध्ये म्हटलं होतं की, टोकाकडच्या भागाचा व्यास मागच्या भागाच्या निम्म्याहून बराच जास्त, पण पूर्ण व्यासाहून बराच कमी असेल. चित्रांवरून नळी कळते, पण ही मापांची रेंज कुठे कळते, असा कोर्टाचा सवाल. म्हणजे बघा, तीच चित्रं कॅनडाची म्हणून पेटंट पाडायला पुरेशी आणि अमेरिकेची म्हणून पेटंट वाचवायला अपुरी!

जून १९९१ मध्ये अपील कोर्टाने हा निकाल फिरवला. त्या क्षेत्रातल्या जाणकाराला चित्र बघून जर कळत असेल की संशोधकाच्या हातात नेमकं काय होतं, तर नुसती चित्रंही वर्णन म्हणून चालू शकतात, असं कोर्ट म्हणालं. जाणकाराची साक्षही फाइलमध्ये होती, की टोक फार बारीक केलं तर रक्त परत सोडताना दाब वाढेल, फार जाड केलं तर नळी घालणं अवघड होईल. त्यामुळे प्रमाण कुठे असणार हे चित्र बघणाऱ्याला समजतं. प्रकरण नव्याने तपासायला खालच्या कोर्टात परत गेलं.

शब्दांनी सोफा बुडवला आणि रेघांनी नळी तारली!

रेसिपी वेगळी, पुरावा वेगळा

इथे एक बारीक फरक आहे. अमेरिकी कायदा दोन वेगळे प्रश्न विचारतो. पहिला, तुमचं वाचून दुसऱ्या जाणकाराला ती वस्तू बनवता येईल का? दुसरा, अर्जाच्या तारखेला ती वस्तू खरोखर तुमच्याकडे होती, हे वाचून पटतं का?

उदाहरण घ्या. तुम्ही वहीत बटाटेवड्याची रेसिपी लिहिली. ती वाचून एखादी सुगरण त्याच पद्धतीने पनीरवडाही सहज करेल. म्हणून पनीरवडा तुम्ही शोधला असं होतं का? नाही. तुमच्या वहीत तो नाहीच! सोफ्याचं तेच झालं. खटका दुसरीकडे बसवणं कुठल्याही सुताराला जमलं असतं, पण तो जेंट्रीच्या वहीत नव्हता. हे दोन प्रश्न खरंच वेगळे आहेत का, यावर तिकडे बरीच वर्षं वाद चालला. शेवटी २०१० मध्ये एका औषध कंपनीच्या खटल्यात अपील कोर्टाच्या पूर्ण पीठाने सांगितलं, हो, वेगळेच आहेत.

मेकॅनिकलवाल्यांसाठी दिलासा एवढाच की औषधांपेक्षा त्यांचं गणित सोपं असतं. स्क्रूच्या जागी बोल्ट लावला तर काय होईल, हे आधीच सांगता येतं. त्यामुळे एका नमुन्यावरून थोडा मोठा क्लेम बऱ्याचदा चालून जातो. फक्त स्वतःच्या हाताने ‘दुसरा मार्गच नाही’ असं लिहून ठेवू नका.

आपल्या गल्लीत काय?

भारतात पेटंट कायदा १९७० सालचा. त्याच्या कलम १० नुसार वर्णन पूर्ण हवं, तुम्हाला ठाऊक असलेली सर्वांत चांगली पद्धत त्यात सांगायला हवी आणि क्लेम त्या वर्णनावर बेतलेले हवेत. महाराष्ट्राचे अर्ज येतात मुंबईच्या अँटॉप हिलच्या ऑफिसकडे. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणीसाठी वेगळी मागणी करावी लागते. २०२४ च्या नव्या नियमांनी त्याची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आणली आहे. मग एक्झामिनरचा अहवाल येतो आणि आक्षेप निस्तरायला मिळतात सहा महिने.

‘‘मग मी वर्णनात दात्यांचं लॉक आता घालतो ना!’’ मित्र म्हणाला.

नाही घालता येत. कलम ५९ तिथे आडवं येतं. दुरुस्ती करा, खुलासा करा, क्लेम आखूड करा. पण मूळ कागदात नव्हतं ते मागच्या दाराने आत आणता येत नाही.

‘‘बरं, मग दात्यांच्या लॉकचा नवा अर्ज करतो.’’

ते जमलं असतं. पण त्या लॉकचा व्हिडिओ या पठ्ठ्याने आठ महिन्यांपूर्वीच नेटवर टाकला होता. दोन हजार लाइक्स, शंभर कमेंट्स! जगाला दाखवलेली गोष्ट कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही. आपल्या कायद्यात ठराविक प्रदर्शनं वगैरे मोजके अपवाद आहेत, हौशी व्हिडिओ त्यात बसत नाही. थोडक्यात, खिट्टी त्याची आणि दाते सगळ्या गावाचे.

फोनवर बराच वेळ शांतता होती. दोन वर्षांचे वीकेंड होते हो ते.

अर्ज लिहिण्यापूर्वी...

• ‘आणखी कसं?’ हा खेळ खेळा. खिट्टीऐवजी काय? स्प्रिंग, दाते, चुंबक? सुचतील ते सगळे पर्याय अर्जाआधी वर्णनात लिहा.

• ‘फक्त’, ‘एकमेव’, ‘अत्यावश्यक’ शोधून काढा. खरंच गरज असेल तरच ठेवा.

• चित्रं भरपूर काढा. उघडलेलं, मिटलेलं, आतून कापून दाखवलेलं. प्रत्येक भागाला नंबर द्या.

• क्लेमची पायरी करा. पहिला रुंद, पुढचे अरुंद. वरचा पडला तरी खालचा उभा राहतो.

• घाई असेल तर प्रोव्हिजनल अर्ज करा. तारीख मिळते आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. पण प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलंय, त्यालाच ती तारीख लागू होते, हे विसरू नका.

• आधी अर्ज, मग व्हिडिओ. लाइक्स कुठे पळून जात नाहीत.

• एजंटच्या फीत कंजुषी नको. एकट्या माणसाला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. खरा खर्च नीट लिहून घेण्याचा असतो आणि तो वसूल होतो.

मित्राने आता एक एजंट गाठलाय. खिट्टीपुरता क्लेम आखूड करून उत्तर देणार आहेत. काहीच नसण्यापेक्षा ते बरं. शिवाय परवा रात्री त्याने मला एका नव्या आयडियाचं स्केच दाखवलं. कडेला अकरा पर्याय लिहिले होते आणि खाली एक ओळ, ‘लॉक कुठेही बसवता येईल’.

आयडिया काय आहे, विचारताय? सॉरी. इथे छापलं की संपलंच की सगळं!