लुळ्या हातालाही काम द्या

अर्धांगवायूच्या झटक्यातून जीव वाचतो, पण पुष्कळदा एक हात लुळा पडतो. घरची माणसे मायेपोटी घास भरवतात, बटणे लावून देतात; उरलेली कामे रुग्ण चांगल्या हाताने उरकतो. आपण सारे येथेच चुकतो. हात न वापरण्याची सवय जडते आणि शिल्लक असलेली हालचालही वाया जाते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॉ. एडवर्ड टॉब यांनी माकडांवरील प्रयोगांतून ही सवय ओळखली व तिच्यावर उपाय काढला. जागेपणी बहुतेक वेळ चांगल्या हाताला जाड हातमोजा घालायचा आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास सराव करून घ्यायचा, असे दोन आठवडे. झटक्याला ३ ते ९ महिने झालेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा लाभ वर्षभरानंतरही टिकलेला आढळला. सरावाने मेंदूचा शाबूत भाग नवे काम शिकतो, हे यामागील कारण होय.

मात्र मनगट व बोटे थोडी तरी उघडत असतील, तरच हा उपाय करता येतो. हात फारच दुबळा असल्यास आरशाचा उपयोग करतात: आरशात चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत दोन्ही हात हलवण्याचा प्रयत्न करायचा. हे सर्व फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच करावे. लुळा हात धरून रुग्णास कधीही उठवू नये, खांदा दुखावतो.

वाटी उचलणे, टेबल पुसणे, शेंगा सोलणे हाही सरावच आहे. म्हणून समाजबांधवांना आमची एवढीच विनंती: रुग्णाची सेवा जरूर करावी, पण त्याच्या हातचे काम काढून घेऊ नये.