हवेतले गायरान : घरातले वाय-फाय का रखडते?

बारावीचा निकाल लागला की प्रवेशाचे अर्ज भरण्याची घाई सुरू होते. हे अर्ज आता इंटरनेटवरून भरावे लागतात. गुणपत्रिका, दाखले, छायाचित्र अशा एकेक फाईली चढवायच्या असतात आणि मुदत संपत आलेली असते. नेमके अशाच वेळी पडद्यावरचे चक्र गरगर फिरत राहते! कोणी राउटर बंद करून पुन्हा चालू करतो, कोणी त्याला चापट मारतो आणि शेवटी ‘लाईनच खराब आहे’ असा निकाल देऊन सारे मोकळे होतात. पण तपासणी न करता दिलेला निकाल विज्ञानात चालत नाही. तेव्हा हा राउटर रखडतो कुठे, ते आज आपणच शोधून काढू.

दोन पट्टे

राउटर आणि मोबाईल एकमेकांशी रेडिओलहरींनी बोलतात. बहुतेक नव्या राउटरना असे दोन पट्टे असतात : एक २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे खालचा, आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे वरचा. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. खालच्या पट्ट्याची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर येते, तर वरच्याची साडेपाच-सहा. खालच्या पट्ट्याच्या लहरी भिंतींतून अधिक सहज पार होतात आणि दूरवर पोचतात. मग हाच पट्टा मंद का वाटतो?

उत्तर त्याच्या गुणातच दडलेले आहे. तुमची लहर शेजाऱ्याच्या घरापर्यंत पोचते, तशी शेजाऱ्याची लहरही तुमच्या घरापर्यंत पोचते!

सर्वांची गुरे, एकच कुरण

आकाशवाणी, पोलीस, विमाने, मोबाईल कंपन्या यांना वारंवारतेचे ठरावीक तुकडे नेमून दिलेले असतात. जणू ज्याचे त्याचे कुंपण घातलेले शेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र गायरानासारखा आहे. १९४७ साली अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत असे काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या उपकरणांसाठी राखून ठेवण्याचे ठरले. मायक्रोवेव्ह भट्टी २४५० मेगाहर्ट्झवर चालते ती यामुळेच. १९८५ साली अमेरिकेने अशा पट्ट्यांत परवान्याशिवाय दळणवळण करण्याची मुभा दिली. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला.

हे गायरान आहे तरी केवढे? २४०० पासून २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे अवघे ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद. त्यात १ ते १३ असे चॅनेल आखलेले आहेत. दोन लगतच्या चॅनेलांच्या मध्यांत अंतर ५ मेगाहर्ट्झचे, पण प्रत्येक राउटरला जागा लागते २० मेगाहर्ट्झ! त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीनच उरतात : १, ६ आणि ११. वरच्या पट्ट्यात मात्र असे वीसहून अधिक चॅनेल बसतात. शिवाय ब्लूटूथची उपकरणेही याच गायरानात चरतात, हे विसरू नका.

गायरान नियमांवाचून टिकत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गाव तुम्हाला माहीत असेल. वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल सगळ्यांचे, म्हणून बांबू कसा तोडायचा हे ग्रामसभा ठरवते. राउटरांनाही असाच एक नियम घालून दिलेला आहे : आधी ऐका, कोणी बोलत असेल तर थांबा, हवा मोकळी झाली की बोला. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर हा नियम पाळून आळीपाळीने बोलतात. पण एक राउटर ६ वर आणि दुसरा ४ वर असेल, तर त्यांचे बोलणे अर्धवट एकमेकांवर चढते. दुसऱ्याचे शब्द कळत नाहीत, नुसता गोंगाट ऐकू येतो आणि निरोप पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. म्हणून ‘४ क्रमांकावर कोणी नाही, तेथे बसू’ ही युक्ती बहुधा अंगाशी येते.

आता अरुंद पुलाची कल्पना करा. एका वेळी एकच वाहन जाऊ शकते आणि मध्येच एक बैलगाडी शिरली आहे. मागच्या मोटारी कितीही वेगवान असल्या तरी थांबणारच. १५०० बाइटांचा एक निरोप म्हणजे १२,००० बिट. सेकंदाला ७२ मेगाबिट पाठवणारा मोबाईल तो ०.१७ मिलिसेकंदात संपवतो. दूर कोपऱ्यातले, १ मेगाबिटवर आलेले उपकरण त्यालाच १२ मिलिसेकंद घेते. एका मंद उपकरणाने सगळे घर मंद होते ते असे!

दोन घरे, दोन रोग

चंद्रपूर शहराच्या दाट वस्तीतले एक घर घ्या. तेथे मोबाईलवर वीस-पंचवीस राउटरांची नावे दिसतात. लहर भरपूर आहे, पण हवेत गर्दी आहे. आता धानोऱ्याकडचे जंगलालगतचे एकटे घर घ्या. तेथे शेजाऱ्याचा राउटर नाही, गायरान सगळे आपलेच. तेथे गाडी अडलीच तर एकतर बाहेरून येणारी लाईन मंद असते किंवा लहर वाटेत क्षीण होते.

लहर क्षीण कशाने होते? बांबूच्या कुडाची वाळलेली भिंत तिला फारशी अडवत नाही. पण टिनाचे पत्रे, लोखंडी कपाट आणि सळ्यांचे काँक्रीट हे तिचे वैरी. आपल्याकडचा उन्हाळी कूलर तर दुहेरी वैरी : बाहेरून पत्रा आणि आत पाणी! पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून अंगणापलीकडच्या खोलीशी संपर्क असेल, तर मधल्या सागाचाही विचार करा. अभियंते वापरतात त्या एका ढोबळ सूत्राप्रमाणे, १० मीटर दाट पानांतून खालच्या पट्ट्याची सुमारे चौथाई शक्तीच पार होते आणि वरच्याची पाचवा-सहावा हिस्सा. होळीच्या सुमारास पानगळ झालेली असताना नीट चालणारा संपर्क पावसाळ्यात साग पानांनी भरल्यावर अडखळू लागला, तर नवल नाही.

निदान कसे करावे?

वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. आपणही एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडे वहीत लिहायचे. वेग मोजण्याची सोय इंटरनेटवर फुकट मिळते.

पहिली मोजणी : संगणक तारेने राउटरला जोडून वेग मोजा. तार नसेल तर राउटरजवळ बसून वरच्या पट्ट्यावर मोजा. येथेच वेग कमी आला तर दोष बाहेरच्या लाईनीचा, वाय-फायचा नव्हे. वेळ आणि आकडा लिहून तक्रार करा. आकड्यांसह केलेल्या तक्रारीला वजन असते.

दुसरी मोजणी : राउटरपासून दोन-तीन मीटरवर, खालच्या पट्ट्यावर. पहिली मोजणी चांगली आणि ही वाईट आली, तर रोग गर्दीचा किंवा मांडणीचा.

तिसरी मोजणी : तोच मोबाईल, तोच पट्टा, पण दूरची खोली. फक्त हीच वाईट आली, तर रोग अंतराचा किंवा आडोशाचा.

तिन्ही मोजण्या पहाटे आणि रात्री नऊला अशा दोनदा करा. रात्री बाहेरची लाईनही मंदावू शकते, म्हणून दर वेळी पहिली मोजणी सोबत हवीच. प्रयोगात तुलनेसाठी नियंत्रण ठेवतात ते असेच.

आता उपाय. राउटरच्या मांडणीत चॅनेलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करा, कारण ४० म्हणजे जवळजवळ निम्मे गायरान एकट्याने अडवणे. मग चॅनेल १, ६, ११ असे पाळीपाळीने लावून मोजा. जुनी टीकेआयपी सुरक्षा निवडलेली असेल तर वेग ५४ मेगाबिटच्या पुढे जात नाही, तेव्हा डब्ल्यूपीए-२ आणि एईएस निवडा. यूएसबी ३ ची हार्डडिस्क राउटरला चिकटून असेल तर दूर सारा, तिच्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो. राउटर कपाटात न ठेवता उंचावर, घराच्या मध्यभागी ठेवा. टीव्ही तारेवर किंवा वरच्या पट्ट्यावर न्या. राउटरची शक्ती वाढवण्याच्या मात्र नादी लागू नका. राउटर मोठ्याने ओरडला तरी मोबाईलचा आवाज लहानच राहतो आणि संभाषण तर दोघांचे असते!

खोक्यावर ‘३००’ लिहिलेले असते, त्याने फसू नका. तो आकडा दोन अँटेना आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदी धरून काढलेला असतो. २० मेगाहर्ट्झवर तो १४४ होतो, आणि थांबणे, पोच देणे यांत वेळ जाऊन हाती साधारण निम्मा येतो. एका अँटेनाच्या मोबाईलला त्याच्याही निम्मा. तेवढा मिळत असेल तर राउटर निरोगी समजावा. अर्ज भरायला त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही भागते.

वर्गातल्या दहा जणांनी आपापल्या घरी या मोजण्या करून एक तक्ता तयार करावा. कोणत्या घराचा रोग लाईनीचा, कोणाचा गर्दीचा आणि कोणाचा आडोशाचा, ते लगेच दिसेल. जेथे गर्दीचा असेल तेथे आणखी एक गोष्ट करून पाहा. भिंतीपलीकडच्या काकांकडे जा, त्यांना १, ६, ११ ची गोष्ट सांगा आणि चॅनेल वाटून घ्या. गायरान राखायचे तर शेजाऱ्यांनी एकत्र बसावेच लागते.