कुंडीतला कंद : हिवाळ्यातली सोबत



दिवाळी झाली की मंदिरात येणाऱ्या आपल्या ज्येष्ठ मंडळींची संख्या कमी होऊ लागते. कारण सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबरच्या २१ तारखेला डब्लिनमध्ये सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चार वाजून गेले की लगेच मावळतो. म्हणजे जेमतेम साडेसात तासांचा दिवस. मुले-सुना अंधारातच कामावर जातात आणि अंधारातच परततात. पाऊस, वारा आणि ओले रस्ते यांमुळे गुडघे दुखणाऱ्यांना बाहेर पडवत नाही. घरात मागे राहतात आजी किंवा आजोबा, आणि भिंतीवरचे घड्याळ.

सहा वर्षांपूर्वी आमचे ‘हे’ गेले. तो माझा इथला पहिला एकटीचा हिवाळा. शेजारच्या आयरिश बाईंनी एक छोटी कुंडी आणून दिली. तिच्यात मोठ्या कांद्याएवढा एक कंद होता, अर्धाअधिक मातीच्या वर. “रोज बघत जा,” एवढेच त्या म्हणाल्या. आठवड्याने हिरवे टोक दिसले. मग दांडा इतक्या वेगाने वाढू लागला की मी शिवणाच्या टेपने तो रोज सकाळी मोजू लागले. सकाळी उठण्याला एक कारण मिळाले. सातव्या आठवड्यात चार लाल फुले उमलली. तो कंद आजही माझ्याकडे आहे.

घरात कुंडीत कंद कसे लावावेत, हे त्या अनुभवावरून आणि नंतर शिकलेल्या गोष्टींवरून लिहीत आहे. खर्च थोडा आहे, कष्ट त्याहून थोडे.

कंद म्हणजे काय

टोपलीतल्या कांद्याला आपोआप कोंब फुटलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. माती नाही, पाणी नाही, तरी कोंब येतो. कारण कांद्याच्या पापुद्र्यांत झाडाने पुढच्या हंगामासाठी शिधा साठवलेला असतो. फुलांच्या कंदांचेही तसेच आहे. डॅफोडिल, हायसिंथ यांच्या कंदात तर पुढच्या वर्षीचे फूल आदल्या उन्हाळ्यातच अगदी बारीक आकारात तयार होऊन बसलेले असते. ते सुखरूप बाहेर यावे, एवढेच आपले काम.

आपल्याकडे कंद उन्हाळ्यात झोपतो आणि पाऊस त्याला उठवतो. पहिल्या सरीनंतर अंगणात एका रात्रीत उमलणारी पावसाळी लिली आठवून पाहा. थंड मुलुखातल्या कंदांना मात्र थंडी उठवते. हायसिंथ, ट्युलिप आणि बहुतेक डॅफोडिल यांना काही आठवडे गारवा मिळाला नाही, तर फूल नीट येत नाही. दांडा आखूड राहतो, कळी पानांतच अडकते. थंडीमुळे कंदातल्या पिठूळ साठ्याची साखर होऊ लागते आणि दांड्याला वाढण्याची ताकद मिळते. आयर्लंडमध्ये हिवाळा गार असतो, पण फारसा गोठवणारा नसतो. त्यामुळे कंदांना हवी तशी थंडी बागेतल्या शेडमध्येच मिळते.

हायसिंथ : घटासारखे अंधारात

निशिगंधाच्या वासाची आठवण येते, त्यांनी हायसिंथ लावावे. गणपती विसर्जन झाले की दुकानांत कंद येऊ लागतात. नाताळात फुले हवी असतील, तर ‘प्रिपेअर्ड’ लिहिलेले कंद घ्यावेत. त्यांच्यावर आधीच तापमानाची प्रक्रिया केलेली असते. ते सप्टेंबरअखेरपर्यंत लावावेत. साधे कंद स्वस्त असतात, ते घटस्थापनेच्या सुमारास लावले तरी चालतात.

कुंडीत ओलसर माती भरून कंद असे ठेवावेत की त्यांची टोके मातीच्या वर राहतील. एका कुंडीत तीन कंद चालतात, फक्त ते एकमेकांना किंवा कुंडीच्या काठाला टेकू नयेत. तळाला भोक नसलेले भांडे असेल, तर ‘बल्ब फायबर’ नावाची माती घ्यावी. ती पाणी धरते, पण कुजत नाही.

मग कुंडी काळ्या पिशवीत गुंडाळून शेडमध्ये, गॅरेजमध्ये किंवा हीटर नसलेल्या खोलीत ठेवावी. तापमान ९ अंशांच्या खाली असावे. प्रिपेअर्ड कंदांना साधारण दहा आठवडे लागतात, साध्या कंदांना बारा ते चौदा. अधूनमधून माती हाताने पाहावी. कोरडी वाटली तरच थोडे पाणी द्यावे.

कोंब चार-पाच सेंटिमीटर झाला की कुंडी बाहेर काढावी. कोंब पिवळट दिसेल, घाबरू नये. नवरात्रात घटाभोवती उगवलेले धान असेच पिवळे असते, कारण त्याला ऊन मिळालेले नसते. उजेडात ठेवल्यावर चार दिवसांत कोंब हिरवा होतो. मात्र कुंडी थेट गरम बैठकीत आणू नये. आधी आठवडाभर गार, उजेडाच्या जागी ठेवावी, मग खोलीत घ्यावी. पुढे साधारण तीन आठवड्यांत फुले येतात. घटस्थापनेला लावलेले साधे कंद संक्रांतीच्या सुमारास बाहेर काढले, तर माघी गणेश जयंतीच्या आसपास देवघरात सुगंध दरवळतो.

माती उचलणे जमत नसेल, तर हायसिंथसाठी खास काचेचे भांडे मिळते. त्यात पाणी भरून वरच्या वाटीत कंद ठेवायचा. पाणी कंदाच्या बुडाच्या किंचित खाली असावे, कंदाला लागू नये. मुळे पाण्यात उतरताना दिसतात. नातवंडांना हे फार आवडते.

पेपरव्हाइट : सर्वांत सोपे

हे डॅफोडिलच्या जातीतले पांढरे, वासाचे फूल. त्याला थंडीची गरज नसते. पसरट भांड्यात खडे घालून त्यात कंद बसवावेत आणि पाणी बुडाला जेमतेम लागेल इतके ठेवावे. सुमारे सहा आठवड्यांत फुले येतात. दांडे उंच होऊन वाकतात, म्हणून काडीचा आधार देऊन सैल दोरा बांधावा. पहिल्यांदाच लावणाऱ्यांनी यानेच सुरुवात करावी.

अॅमरिलिस : वर्षानुवर्षांचा सोबती

माझा कंद हाच. यालाही फुलण्याआधी अंधार लागत नाही, उलट ऊब लागते. कंदापेक्षा जरा मोठी कुंडी घ्यावी. कंदाचा वरचा दोन-तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवावा. सुरुवातीला पाणी अगदी बेताने द्यावे आणि कडेने द्यावे. कंदाच्या मानेवर ओतले तर तो कुजतो. कोंब दिसल्यावर पाणी थोडे वाढवावे. दांडा उजेडाकडे झुकतो, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी कुंडी थोडी फिरवावी. लावल्यापासून सहा ते दहा आठवड्यांत फूल येते.

फूल गेल्यावर

इथेच बहुतेकांची चूक होते. माझीही होणार होती. फुले सुकल्यावर मी कुंडी कचऱ्यात टाकायला निघाले होते, तेव्हा शेजारीणबाईंनी हात धरला. “आता तर त्याचे जेवण सुरू होते,” त्या म्हणाल्या. खरेच आहे. फूल गेल्यावर पाने उन्हातून अन्न तयार करून पुढच्या वर्षाचा शिधा कंदात भरतात.

म्हणून अॅमरिलिसचा फक्त फुलाचा दांडा कापावा, पाने ठेवावीत. कुंडी खिडकीत उन्हाला ठेवावी आणि पाणी चालू ठेवावे. पंधरवड्यातून एकदा टोमॅटोचे द्रवखत घालावे. सप्टेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करावे. मग आठ ते दहा आठवडे सुमारे १३ अंशांच्या गार जागी त्याला विश्रांती द्यावी. नंतर वाळलेली पाने काढून कुंडी पुन्हा उबेत आणावी. मागच्या हिवाळ्यात माझा कंद सहाव्यांदा फुलला.

हायसिंथ दुसऱ्या वर्षी घरात तसे फुलत नाहीत. पाने पिवळी पडल्यावर ते बागेत पुरावेत. फुले लहान येतात, पण पुढची अनेक वर्षे येत राहतात. पेपरव्हाइट मात्र एका हंगामाचेच समजावेत.

सांभाळून

• डॅफोडिलचे कंद कांद्यासारखे दिसतात आणि ते विषारी असतात. शिजवूनही विष जात नाही. २०१५ साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने सुपरमार्केटना हे कंद भाजीपाल्यापासून दूर ठेवण्यास कळवले होते. आपल्या घरीही कोणतेच फुलांचे कंद स्वयंपाकघरात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नयेत. पिशवीवर मराठीत ‘खाऊ नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे. चुकून खाल्ले गेल्यास वाट न पाहता ९९९ किंवा ११२ वर फोन करावा.

• धोतरा, कण्हेर देवाला वाहतो तशी ही फुलेही वाहता येतील. मात्र तीर्थात किंवा प्रसादाच्या ताटात ती ठेवू नयेत. फुलदाणीतले पाणीही लगेच ओतून टाकावे.

• हायसिंथचे कंद हाताळताना हातमोजे घालावेत. सुरण किंवा अळू चिरताना जशी खाज येते तशीच येते, कारणही तेच : कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक.

• दम्याचा त्रास असणाऱ्यांनी वासाची फुले झोपण्याच्या खोलीत ठेवू नयेत.

• घरात मांजर असेल, तर लिली आणूच नये. तिचे परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकतात.

एक विनंती

डब्लिन अग्निशमन दलातले जवान विली बर्मिंगहॅम यांनी १९७७ साली ‘अलोन’ ही संस्था सुरू केली. एकटे राहणारे वृद्ध कोणाला कळतही नाही अशा रीतीने मरण पावतात, हे त्यांनी कामावर असताना पाहिले होते. आजही ही संस्था इथल्या एकट्या ज्येष्ठांसाठी काम करते. आपल्या भाविक परिवारात असे कोणी नाही, असे आपण छातीठोकपणे सांगू शकतो का? भरल्या घरातही दिवसभर एकटे असणारे आहेतच.

म्हणून येत्या हिवाळ्यात मंदिरात न येऊ शकणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ सभासदाला एक कुंडी घरपोच द्यावी, असा ट्रस्टचा विचार आहे. त्यासाठी आपली मदत हवी आहे :

१. घरात पडून असलेल्या, धुतलेल्या १५ सेंटिमीटरच्या कुंड्या मंदिरात आणून द्याव्यात.

२. कंद आणि माती यांसाठी यथाशक्ती देणगी द्यावी. एका कंदाची रक्कमही आनंदाने स्वीकारली जाईल. पावती अवश्य घ्यावी.

३. आठवड्यातून अर्धा तास देऊ शकणारे स्वयंसेवक हवेत. कुंडी पोचवायची, पुढच्या आठवड्यात “कोंब आला का?” हे पाहायला जायचे, आणि चहा घेऊनच परतायचे.

४. आपल्या ओळखीचे कोणी एकटे असेल, तर त्यांना विचारून त्यांचे नाव कार्यालयात कळवावे. स्वतःचे नाव द्यायलाही संकोच करू नये.

यांपैकी तिसरी मदत सर्वांत मोलाची. फूल सहा-सात आठवड्यांनी येणार आहे. तोवर दर आठवड्याला दारावरची बेल वाजली पाहिजे.

१ फेब्रुवारीला इथे सेंट ब्रिजिडचा दिवस असतो. आयरिश लोक त्या दिवसापासून वसंत मोजतात आणि २०२३ पासून त्यानिमित्त सार्वजनिक सुट्टीही मिळते. त्या सुट्टीपर्यंत आपल्या प्रत्येक ज्येष्ठाच्या खिडकीत एक तरी फूल उमललेले असावे, हीच गणरायाचरणी प्रार्थना.

आपली,
एक ज्येष्ठ सभासद