पेटी केवढी घ्यावी?

आमच्या भजन मंडळाच्या जुन्या पेटीचा भाता एका पावसाळ्यात उंदरांनी कुरतडला. दोनदा चामडे लावून पाहिले, पण स्वर धरला की सुस्काराच आधी ऐकू येई. शेवटी वर्गणी काढून नवी पेटी घ्यायचे ठरले. तिवसा तालुक्यात पेटी ही चैनीची वस्तू नव्हे. मोझरीचा गुरुकुंज आश्रम आमच्याच तालुक्यात. तुकडोजी महाराजांनी तो १९३५ साली उभारला आणि पहाटेची रामधून, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना या मुलखाच्या अंगवळणी पाडली. महाराजांची खंजिरी एका हातात मावत असे. प्रश्न येतो तो पेटीचा. ती केवढी असावी यावर आमच्याकडे जेवढा खल झाला, तेवढा पीकविम्यावरही झाला नसेल.

कॉलेजात जाणाऱ्या पोरांना एकसष्ट पट्ट्यांचा कॅसिओ हवा होता. (कंपनी कोणतीही असो, आमच्याकडे नाव कॅसिओच.) अमरावतीच्या दुकानदाराने बेचाळीस पट्ट्यांची स्केल चेंजर पेटी पुढे केली. ‘साडेतीन सप्तके आहेत, पुढे कमी पडली असे व्हायला नको,’ हे त्याचे म्हणणे. कोषाध्यक्षांना सदतीस पट्ट्यांची साधी पेटी पुरेशी वाटत होती, पण त्यामागे हिशेब संगीताचा नव्हता, पैशांचा होता.

मंडळात पेटी वाजवणारा मीच. मी बेचाळीसच्या बाजूने होतो आणि त्यामागचे कारण जरा लाजिरवाणे आहे. तीस वर्षे मी काळी एक सोडून दुसऱ्या सुरात भजन वाजवले नव्हते. पुरुषांना तो सूर मानवतो. बायकांना मात्र त्याच सुरात गाताना वर गेले की ओढ बसे, आणि खाली आले की आवाज खंजिरीत बुडून जाई. एकेक करत त्या गायच्या थांबल्या, नुसत्या टाळ्या वाजवू लागल्या. एका आजींनी मला सरळ विचारले होते, ‘‘भाऊ, आमचा गया माणसाइच्या सुरात कसा बसन?’’ मी पेटीकडे बोट दाखवून मोकळा झालो. पट्ट्या कमी आहेत म्हणालो. आता स्केल चेंजर आली की सगळेच सुटणार होते. त्या पेटीत पट्ट्यांची अख्खी चौकट आडवी सरकते. बोटे काळी एकचीच ठेवायची आणि आवाज मात्र दुसऱ्या सुराचा निघतो.

शेजारच्या गावी एक वृद्ध पेटीवाले गुरुजी राहतात. खरेदीआधी त्यांना विचारायला गेलो. त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा : ‘‘डावा हात कुठे असतो तुमचा?’’

भात्यावर, अर्थात. सगळा उलगडा तिथेच आहे. पाश्चात्त्य हार्मोनियम १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें याच्या हातून आकाराला आली, तेव्हा ती पायाने हवा भरायची वस्तू होती. दोन्ही हात मोकळे, म्हणून पट्ट्या लांबवर. आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनचेही तेच. पुढे १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे आणून हातपेटी रूढ केली. बैठकीत मांडी घालून बसणाऱ्याची सोय झाली आणि एक हात भात्याला कायमचा वाहिला गेला. वाजवायला उरला एक हात. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या लागतात, कॅसिओला एकसष्ट शोभतात, कारण तिथे डावा हातही वाजवत असतो. एका हाताने गळ्याची साथ करायची, तर गळा जाईल तेवढेच पेटीने जायचे. भजन गाणाऱ्यांचा गळा दोन सप्तकांपलीकडे क्वचितच जातो.

‘‘पण बायकांची काळी पाच?’’ मी माझा हुकमी पत्ता टाकला. मधल्या सप्तकातली काळी पाच षड्ज धरली, तर सदतीस पट्ट्यांत तार षड्जाच्या वर जेमतेम रिषभ मिळतो. बेचाळीसमध्ये थेट पंचम मिळतो.

गुरुजी हसले. ‘‘मधल्या सप्तकात धरताच कशाला? पहिल्या सप्तकातली काळी पाच धरा.’’ त्यांनी पेटी पुढे ओढून दाखवले. खाली मंद्र पंचम तर आहेच, रिषभापर्यंत जागा शिल्लक. वर पूर्ण दोन सप्तके. बायकांच्या गळ्याची खरी उंचीही तीच. अडत होते ते निराळ्याच ठिकाणी. काळी एकमध्ये शुद्ध स्वरांना पाचही काळ्या पट्ट्या लागतात, काळी पाचमध्ये दोनच : षड्ज आणि मध्यम. माझ्या बोटांना हा नकाशा ठाऊक नव्हता आणि शिकायचा कंटाळा होता. त्या कंटाळ्यापायी मी मंडळाला बेचाळीस पट्ट्यांच्या खर्चात घालायला निघालो होतो.

वजनाचे तर मी मनातच आणले नव्हते. रामधुनीला पेटी गळ्यात अडकवून गावभर चालावे लागते. आठ-दहा किलोंची साधी पेटीही तासाभराने मानेला रग लावते. स्केल चेंजर पंधरा किलोंच्या घरात जाते. मैफलीत एकलवादन करणाऱ्याने बेचाळीस पट्ट्या खुशाल घ्याव्यात, त्याला त्यांचे काम आहे. त्याला पेटी घेऊन चिखलातून चालायचे नसते. कॅसिओचे वजन कमी, पण चालता चालता तो वाजवायचा कसा, आणि वीज गेल्यावर काय, याचे उत्तर पोरांकडे नव्हते.

आम्ही सदतीस पट्ट्यांची, डबल रीडची पेटी घेतली. घेताना एकेक पट्टी दाबून पाहिली. भाता भरून, सगळ्या पट्ट्या मोकळ्या ठेवून तो किती वेळात बसतो तेही पाहिले, कारण हवा गळणारी पेटी कितीही मोठी असली तरी वाजवणाऱ्याचा दम काढते. उरलेल्या पैशांतून गळ्यात अडकवायला रुंद पट्टा शिवून घेतला.

तो श्रावण मी रोज रात्री काळी पाच घोटण्यात घालवला. पोळ्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी प्रार्थनेनंतर बायकांना त्यांच्या सुरात षड्ज दिला. पहिले कडवे दोघी-तिघींनीच म्हटले. तिसऱ्याला सगळ्या होत्या, आणि पुरुषांना खालच्या सप्तकात उतरावे लागले. मध्यमावर अजूनही माझे बोट सवयीने काळी दोन सोडून काळी तीनवर पडते. मग त्या आजी गाणे न थांबवता माझ्याकडे नुसते बघतात.