सोयाबीनची उगवण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाशिम जिल्ह्याच्या खरिपाची मदार सोयाबीनवर आहे. रिसोड असो की मानोरा, बियाणं उगवलं नाही तर दुबार पेरणीचा खर्च घर हलवून टाकतो. २०२० च्या खरिपात राज्यभरातून उगवणीच्या तक्रारी आल्या. आदल्या ऑक्टोबरात, ऐन काढणीच्या वेळी पावसाने सोयाबीन भिजवलं होतं, हे त्याचं एक मोठं कारण.

गैरसमज : दरवर्षी नवी बॅग घ्यावीच लागते.
वस्तुस्थिती : सोयाबीनचे वाण सरळ असतात, पीक स्वपरागसिंचित आहे. प्रमाणित बियाण्यापासून आलेला माल पुढचे दोन हंगाम बियाणं म्हणून चालतो.

गैरसमज : दाणा टपोरा आहे, म्हणजे उगवणारच.
वस्तुस्थिती : सोयाबीनची साल फार पातळ असते आणि अंकुर तिच्या लगेच खाली असतो. थ्रेशर जोरात फिरला किंवा पोतं आपटलं, तर आतली इजा डोळ्यांना दिसत नाही. ती उगवण चाचणीतच कळते. त्यासाठी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडा, गुंडाळी करून ओलसर ठेवा आणि सहा-सात दिवसांनी निरोगी मोड मोजा. ७० किंवा जास्त निघाले, तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६० ते ६९ निघाले, तर कमी पडलेल्या प्रत्येक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो वाढवा. त्याहून कमी असेल, तर ते पेरू नका.

गैरसमज : मोड आला, म्हणजे रोप वर येणारच.
वस्तुस्थिती : तूर, हरभऱ्याच्या डाळिंब्या मातीतच राहतात. सोयाबीनला मात्र दोन्ही डाळिंब्या उचलून वर आणाव्या लागतात. बी खोल गेलं किंवा वर मातीची पापडी धरली, तर कोवळी मान मोडते. म्हणून ३ ते ५ सेंटिमीटरच्या खाली पेरू नका.

गैरसमज : बियाणं रात्रभर भिजवलं, तर लवकर उगवतं.
वस्तुस्थिती : कोरडा दाणा एकदम पाणी ओढतो, त्याच्या पेशी फाटतात आणि उगवण घटते.

गैरसमज : पहिली सर आली की तिफण जुंपावी.
वस्तुस्थिती : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेली, तरच पेरा. वरवरच्या ओलीत बी फुगतं आणि उघडीप पडली की मरतं.

शेतकरी बंधू-भगिनींनो, उगवण चाचणीला पैसा लागत नाही. बियाणं घरचं असो की विकतचं, मे महिन्यातच तपासा, म्हणजे दुसरं मिळवायला वेळ हाताशी राहील.