पाहुणा शहरातला, नजर गावाची

ताकाशी मिइके म्हटलं की जपानी सिनेमाच्या चाहत्यांना आधी टोळीयुद्धं आणि रक्त आठवतं. त्याच दिग्दर्शकाने १९९८ साली एक हसरा, हळवा प्रवासपट केला, यावर चटकन विश्वास बसत नाही. ‘द बर्ड पीपल इन चायना’ हे त्याचं इंग्रजी नाव. मूळ कथा माकोतो शिइना यांची. वादा नावाचा जपानी नोकरदार कंपनीच्या कामावर चीनच्या युनान प्रांतात निघतो. तिथल्या एका आडगावात जेड हा मौल्यवान दगड सापडतो म्हणतात, तो बघून यायचं. कंपनीने पैसे थकवलेत म्हणून उजिइए नावाचा गुंडही वसुलीसाठी त्याच्या मागे लागतो. खटारा गाडीचे भाग वाटेत गळून पडतात, नदीतला तराफा कासवं ओढतात, वाटाड्याच वाट विसरतो. इतकं करून पोचावं, तर निळ्या डोळ्यांची एक मुलगी गावच्या पोरांना पंख बांधून उडायला शिकवतेय!

पुढे हसू ओसरतं. जेड निघाला की रस्ता येणार, वीज येणार, आणि मग हे गाव असं राहणार नाही, हे दोघांनाही उमगतं. गाव जसंच्या तसं राखायला पेटून उठतो तो गुंड, आणि त्यासाठी हातात शस्त्रही घेतो. त्याचं प्रेम खरं आहे, पण गावाच्या वतीने ठरवायचा हक्क त्याने परस्पर स्वतःकडे घेतलाय. मला हा सिनेमा मोठा वाटतो तो इथे.

शहरातली माणसं आडगावात जातात, ही गोष्ट आपल्याकडे उमेश कुलकर्णी यांनी ‘वळू’मध्ये सांगितली. २००८ सालचा हा सिनेमा रॉटरडॅमच्या महोत्सवातही दाखवला गेला. कुसवडे गावात देवाच्या नावाने सोडलेला वळू, डुरक्या, माजलाय अशी ओरड होते. सरपंच (मोहन आगाशे) त्याला धरायला वनखात्याचा अधिकारी बोलावतात. स्वानंद गड्डमवार (अतुल कुलकर्णी) येतो. सोबत धाकटा भाऊ, त्याच्या हातात कॅमेरा. एकाला जनावर पकडायचंय, दुसऱ्याला त्यावर माहितीपट करायचाय.

तो कॅमेरा ही पटकथेतली फार हुशार जागा आहे. एकेक गावकरी त्याच्यासमोर येतो आणि वळूची गाऱ्हाणी मांडतो. जो तो आपापला डुरक्या सांगतो, आणि सांगता सांगता स्वतःचंच मन उघडं करून जातो. हळूहळू कळत जातं, की गावातला बराचसा दोष त्या मुक्या जनावराच्या नावावर टाकलेला आहे. सरपंच आणि आबा (नंदू माधव) यांचं राजकारणही त्याच्याच शिंगांवर चाललंय. गिरीश कुलकर्णी यांनी लिहिलेल्या या माणसांत भोळाभाबडा गावकरी म्हणून एकही रेखाटलेला नाही. साहेब गावाला जोखतो त्याच वेळी गावही साहेबाला जोखत असतं: हा धरणार का, की नुसताच मिरवणार?

वळूबद्दल थोडं सांगायला हवं. देवाला सोडलेल्या वळूला कोणी बांधत नाही, दावं लावत नाही. तो कोणाच्याही रानात शिरून चरतो, आणि त्या बदल्यात गावच्या गाई फळतात. मराठवाड्यात देवणी, लाल कंधारी यांसारख्या नावाजलेल्या जाती टिकल्या, त्यात चांगल्या वळूचा वाटा मोठा. पुढे कृत्रिम रेतन आलं, संकरित गाई आल्या आणि मोकळ्या वळूचं काम सरलं. उरली ती त्याने केलेली पिकाची नासाडी. शिवाय गाय-बैल हे पाळीव जनावर, वनखात्याच्या कामाची हद्द वेगळी. सिनेमातल्या विनोदाचं मूळ या विसंगतीत आहे. म्हणून तो विनोद उसना वाटत नाही.

आता आपल्या शहराकडे, छत्रपती संभाजीनगरकडे वळू. इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ही वाट नेमकी उलटी फिरवली. शहराने गावात यायचं हा रिवाज मोडून त्यांनी गावच्या गाव विमानात बसवलं आणि लंडनला धाडलं. १९७९ साली रंगमंचावर आलेल्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न पात्रं होती आणि नट एकटाच. खांद्यावरचा शेला कधी पदर व्हायचा, कधी पटका. आवाज बदलला की समोर दुसरा माणूस उभा. गिनीज बुकाने या प्रयोगाची नोंद घेतली. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यातली मराठवाडी बोली. तोवर नाटकात ही बोली बहुतेक गड्याच्या तोंडी असायची. इथे ती बोलणारी माणसंच कथेची मालक झाली आणि साहेबाच्या देशाकडे आपल्या मापाने पाहू लागली. २००९ साली देशपांडे सर गेले. पुढे संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुन्हा उभा केला, त्यालाही लोकांनी तसंच डोक्यावर घेतलं.

आपलं शहर वाढलं ते भोवतालच्या खेड्यांतून आलेल्या माणसांवर. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांत उतरलेल्या कितीतरी घरांचा सातबारा आजही गावाकडे आहे. ही माणसं सुट्टीला गावी जातात तेव्हा थोडी पाहुणी असतात, थोडी घरची. वादाची अडचण आणि कुसवडेकरांचा वैताग, दोन्ही त्यांना आतून कळतात.

अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे इथल्या प्रेक्षकाला परदेशी सिनेमा नवा राहिलेला नाही. माझी एक मनापासूनची मागणी आहे: कधीतरी एका संध्याकाळी मिइकेचा सिनेमा आणि ‘वळू’ पाठोपाठ दाखवावेत, आणि सोयगाव, कन्नड, पैठणकडच्या खेड्यांतल्या माणसांना आवर्जून बोलवावं. जेडची खाण आणि रस्ता यांबद्दल त्यांचं काय म्हणणं पडतं, ते समीक्षकांच्या आधी ऐकायला हवं.