दुसऱ्या खिडकीचा शोध

जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर 46 मीटर उंचीचा जांभ्याचा मनोरा उभा आहे. बहुतेक पर्यटक त्याचे फोटो काढून परत फिरतात. खरे तर थांबावे ते त्याच्या आसपासच्या पडक्या भिंतींपाशी आणि थडग्यांच्या शिळांपाशी. ऑगस्टिनियन पंथाचा मोठा मठ इथे होता. याच ढिगाऱ्यातून बहुधा एका जॉर्जियन राणीची असलेली अस्थी शोधून काढली गेली.

जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान हिला 1624 साली इराणमध्ये शिराझ इथे शाह अब्बासच्या हुकमाने ठार मारण्यात आले. धर्म सोडायला तिने नकार दिला होता. तिथल्या ऑगस्टिनियन धर्मबंधूंनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले आणि 1627 साली त्यांचा काही भाग गोव्याच्या मठात आणला. जुन्या पोर्तुगीज कागदांत ठेवण्याची जागाही नोंदलेली होती: मठाच्या सभेच्या प्रार्थनालयात, पत्रबाजूच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत.

पत्ता इतका नेमका, पण खिडकी शोधायची कुठे? 1835 साली पोर्तुगीज सरकारने गोव्यातले धार्मिक पंथ बंद केले आणि मठ ओस पडला. 1842 साली चर्चचे कमानी छत कोसळले. घंटा 1871 मध्ये पणजीच्या चर्चमध्ये गेली. 1931 साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोराही ढासळला.

अशा जागी खणणे म्हणजे आधी ढिगारा वाचणे. वर झाडांची मुळे आणि माती, त्याखाली पडलेले चिरे, मग चुन्याच्या गिलाव्याचा भुगा आणि तळाशी फरशी. सरसकट उपसा केला तर कुठला चिरा कुठल्या भिंतीचा, हे कायमचे पुसले जाते. म्हणून चौकोन आखून थराथराने उतरायचे, प्रत्येक थराचे मोजमाप आणि चित्र ठेवायचे, माती चाळायची. भिंतींचे पाये उघडे पडू लागले की मठाचा नकाशा आपोआप उभा राहतो. कॅथलिक मठांची मांडणी ठरावीक असते: मध्ये चौक, भोवती ओवऱ्या आणि त्यांना लागून सभेची जागा. त्यामुळे एक खोली ओळखता आली की शेजारची कोणती असावी, याचा अंदाज बांधता येतो.

प्रार्थनालय ठरले तरी पुढचा पेच उरतोच. पत्रबाजू म्हणजे वेदीकडे तोंड करून उभे राहिल्यावर उजवीकडची. प्रेषितांच्या पत्रांचे वाचन त्या बाजूला होई. म्हणजे आधी वेदीची जागा नक्की करायला हवी. ती चुकली, तर उजव्याची डावी भिंत होते आणि सगळा शोध उलट्या बाजूला चालतो. या कामातला हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. इथे कुदळीपेक्षा उपासनेच्या रीतीची माहिती जास्त उपयोगी पडते.

या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने या नोंदींच्या आधारे केलेल्या उत्खननात हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला. पण मठात कितीतरी माणसे पुरलेली. हे हाड राणीचेच कशावरून? तपासणीसाठी आवारात मिळालेली तीन हाडे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेकडे गेली. तिथे आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए वाचला. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून कोकणपट्टीच्या पावसात आणि आम्लधर्मी मातीत झिजलेल्या हाडातही तो हाती लागण्याची शक्यता जास्त. राणीचे मानले गेलेले हाड यू1बी या मातृवंशाचे निघाले. भारतातल्या नमुन्यांत हा वंश आढळला नव्हता, जॉर्जियात मात्र आढळतो.

मायटोकॉन्ड्रियल डीएनए कुणाचे नाव सांगत नाही. तो फक्त सांगतो की या हाडाची आईकडची मुळे जॉर्जियाच्या बाजूची असू शकतात. त्यामुळे अभ्यासकांनीही निष्कर्ष मांडताना ‘बहुधा’ हा शब्द वापरला, आणि ते योग्यच केले. निष्कर्षाला बळ येते ते प्रयोगशाळा आणि कागद यांच्या जुळणीतून. तेच हाड जागेची नोंद न ठेवता उपसलेल्या मातीत सापडले असते, तर त्या चाचणीतून एवढेच कळले असते की जुन्या गोव्यात कधीतरी कुणी परदेशी माणूस वारला.

जॉर्जियाच्या चर्चने केतेवानला संतपद दिलेले आहे. जुलै 2021 मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिच्या अवशेषांचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला.